मैदान कोणाचें?



सहल म्हटली कीं किल्ला, लेणीं किंवा धबधबा हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु जेथें तिकीट लागत नाहीं, अशा सार्वजनिक मैदानांतही शिकण्यासारखें पुष्कळ असतें. गेल्या हिवाळ्यांत एका रविवारीं सकाळीं मी कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन मुंबईच्या दादर भागांतील शिवाजी पार्कवर गेलों होतों. तेथें एका मुलानें मला एक प्रश्न विचारला. त्याचें उत्तर देण्याचा यत्न येथें करीत आहें.

हें मैदान सुमारें २८ एकर आहे. महानगरपालिकेनें तें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें. प्रथम त्याचें नांव माहीम पार्क असें होतें. १९२७ सालीं महापालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें. मैदानाभोंवतीं एक किलोमीटरहून लांब असा बसका कठडा आहे. त्यास सारे ‘कट्टा’ म्हणतात. सकाळीं वृद्ध मंडळी त्यावर बसून वर्तमानपत्र वाचतात, कोणी त्याच्या कडेनें फेऱ्या घालतात, एकीकडे मुलें मल्लखांबाचा सराव करतात, आणि मध्यें एकाच वेळीं क्रिकेटचे अनेक सामने चाललेले असतात.

आमचीं मुलें आंत शिरतांच धांवत सुटलीं, तीं थेट एका खेळपट्टीकडे. मैदान राखणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनीं हात वर करून त्यांस थांबविलें. ते म्हणाले, “बाळांनो, वळसा घालून जा. पहांटे पाणी मारून आणि रूळ फिरवून ही तयार केली आहे. ओल्या मातींत टांच रुतली, तर चेंडू वेडावांकडा उसळून खेळणाराच्या तोंडावर येईल.” मुलें वळलीं, पण एक विद्यार्थी रुसून मला म्हणाला, “सर, मैदान सर्वांचें आहे ना? मग मलाच कां अडवितात?”

प्रश्न रास्त होता. मीं त्यास कट्ट्यावर बसविलें आणि समोर पाहावयास सांगितलें. एका सामन्यांतील क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारीं उभा होता. चेंडू भलत्याच खेळांत शिरला, तरी ज्याच्या पायाशीं तो येई तो “कोणाचा?” असें न विचारतां परत फेंकी. एकदां दोन चेंडूंची अदलाबदल झाली, थोडा वादही झाला, आणि मिटला. रमाकांत आचरेकर यांनीं सचिन तेंडुलकरसारखे खेळाडू घडविले ते याच मैदानावर. दुसऱ्याची खेळपट्टी कोणी राखली नसती, तर येथें कोणाचाच खेळ झाला नसता.

मोठ्या माणसांसही हा प्रश्न सोडवावा लागतो. येथें मोठमोठ्या सभा भरत आल्या आहेत. सभा म्हटली कीं ध्वनिक्षेपक आलाच; आणि भोंवतीं तर घरें व शाळा आहेत. २०१० सालीं मुंबई उच्च न्यायालयानें हें मैदान शांतता क्षेत्र ठरविलें. अशा क्षेत्रांत दिवसा ५० व रात्रीं ४० डेसिबल एवढीच आवाजाची मर्यादा असते. आपलें साधें बोलणेंही साठाच्या आसपास जातें! म्हणून सभा-समारंभांस येथें ठराविक दिवसच मिळतात. वक्त्याचा हक्क खरा, तसाच शेजारच्या घरांतील आजाऱ्याचाही खरा.

याच्या उलटही घडतें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजीं झालें. दरवर्षीं त्या दिवशीं जवळच्या चैत्यभूमीवर लाखों लोक येतात. तेव्हां या मैदानावर मांडव पडतात, पाण्याची सोय होते, पुस्तकांचीं दुकानें लागतात. खेळणारे त्या दिवसांपुरते बाजूस होतात आणि दूरच्या गांवाहून आलेल्या मनुष्यास रात्रीं पाठ टेंकावयास जागा मिळते.

तेव्हां सर्वांचें म्हणजे माझ्या मनाला येईल तसें वापरावयाचें नव्हे. ज्यांत माझ्या वांट्याबरोबर दुसऱ्याचा वांटाही मला राखावयाचा आहे, तें सर्वांचें.

हें सांगून मी उठणार, तोंच तो विद्यार्थी म्हणाला, “सर, मीं मोजलें. खेळणाऱ्यांत मुली फारच थोड्या आहेत. त्यांचा वांटा कोण राखतो?” याचें उत्तर मजपाशीं नव्हतें. तें शोधणें आपणां सर्वांचें काम आहे.

पालकांस माझी एक विनंति आहे. सुटीच्या एका सकाळीं आपल्या मुलामुलींस जवळच्या मैदानावर न्यावें आणि त्यांजकडून वहींत तीन गोष्टी लिहवून घ्याव्या: येथें कोण येतात, कोण कोणासाठीं वाट सोडतो, आणि कोणास अद्याप जागा मिळालेली नाहीं. तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर लिहितांना घाई करूं नये.