अंगावर गाठी असतील तर पाठही तपासा
अंगभर मऊ गाठी आणि फिकट तपकिरी डाग असलेला माणूस पाठ धरून आला, की आपल्या नंदुरबारात आधी मणक्यातला गॅप, मणक्याचा टीबी किंवा सिकलसेल आठवतो. तिन्ही इथे आहेतच, त्यामुळे ते तपासावेच. पण ते डाग आणि गाठी ‘न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १’ या जनुकीय आजाराच्याही असू शकतात, आणि पाठीचं दुखणंही त्यातलंच असू शकतं.

साधारण 3,000 जणांत एकाला होणारा हा आजार संसर्गाने पसरत नाही. जवळपास निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांना तो नसतोच. तेव्हा सुनेच्या माहेराला बोल लावू नका.

या आजारात पाठीला बाकही येऊ शकतो. उंची वाढायची थांबली की बाकही थांबतो, हा समज इथे धोक्याचा. काहींचा बाक साधा असतो आणि बराचसा स्थिर राहतो. काहींच्या मात्र मणक्याच्या हाडातच दोष असतो: मज्जारज्जूचं आवरण फुगून हाड झिजवतं, बरगड्या पेन्सिलीच्या टोकासारख्या निमुळत्या होतात. असा बाक तिशी-चाळिशीतही वाढू शकतो, आणि पट्टा बांधून सहसा थांबत नाही. बऱ्याचदा शस्त्रक्रियाच लागते. शिवाय नसांवरच्या गाठी मणक्यांमधून आत शिरून मज्जारज्जू दाबू शकतात. बाहेरून काही कळत नाही, एमआरआयमध्येच दिसतं.

म्हणून अशा माणसाने पायाळूकडून पाठीला लाथ मारून घेऊ नये, मणके मोडून घेऊ नयेत. पाय लुळे पडू लागले, चालताना अडखळायला झालं, लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जुनी गाठ अचानक वाढली, कडक झाली, रात्री ठणकू लागली, तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते.

गरोदर बाईला हा आजार असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. सिझेरियनसाठी पाठीत भूल द्यायची तर तिथे गाठ नाही ना, हे पाहावं लागतं. ऐन कळांच्या वेळी ते कोण पाहणार?

धडगाव-अक्कलकुव्याहून नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा पुढे धुळे-नाशिकला निघाल तेव्हा जुने एक्स-रे पिशवीत घ्याच. बाक वाढला की नाही, हे जुना आणि नवा शेजारी ठेवूनच कळतं. जाल तेव्हा रक्तदाबही मोजून घ्या, या आजारात तोही वाढू शकतो. घरातल्या मुलांच्या अंगावर तसे सहा किंवा जास्त डाग दिसले, तर त्यांनाही सोबत न्या.