चंचल फिलिप

जर्मनीतील फ्रँकफुर्ट नगरात हाइनरिख हॉफमन नावाचे एक डॉक्टर राहत असत. इ. स. १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी त्यांना मनाजोगे चित्रांचे पुस्तक मिळेना. तेव्हा त्यांनी एक कोरी वही घेतली आणि स्वतःच चित्रे काढून पद्ये रचली. ते पुस्तक पुढे जगभर गाजले. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत फिलिपची गोष्ट आली. फिलिप मेजापाशी जेवावयास बसला आहे. वडील त्याला स्वस्थ बसण्यास बजावतात. पण हा आपला खुर्चीवर झोके घेतच आहे. अखेर खुर्ची कलंडते, घाबरून तो मेजावरचे कापड धरतो आणि बश्या, बाटली, पाव, सारे त्याच्यासह जमिनीवर येते! आईवडिलांच्या पुढ्यात जेवावयास काही उरत नाही.

मुलांनो, फिलिपने हे मुद्दाम केले काय?

इ. स. १९०२ मध्ये लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांतून अशा मुलांचे वर्णन केले, की ज्यांची बुद्धी शाबूत होती, परंतु ज्यांना स्वतःस आवरणे जमत नव्हते. स्टिल यांचे निरीक्षण मोठे सूक्ष्म. पण या स्थितीस त्यांनी नैतिक संयमातील उणीव मानले. किती कठोर हे शब्द! पुढे १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘अवधानाची न्यूनता’ असे नाव योजले व १९८७ मध्ये त्यास अतिचंचलतेची जोड दिली. यालाच आज एडीएचडी म्हणतात. दोष नीतीचा नसून प्रश्न अवधानाचा आहे, हे नावातही यावयास इतका काळ जावा लागला.

कपाळामागील मेंदूचा भाग सारथ्याचे काम करतो. कोठे थांबावे, कोठे लक्ष लावावे, हे तो ठरवितो. या मुलांच्या मेंदूची घडणच अशी असते, की लगाम वेळेवर खेचला जात नाही. पुष्कळदा ही घडण आईवडिलांकडूनच आलेली असते. गंमत अशी, की आवडीच्या कामात हेच मूल तासन्‌तास रमते. मग घरची माणसे म्हणतात, “मनावर घेतले तर याला सारे जमते!” शाळेत हे वाक्य मी कितीदा ऐकले असेल! वस्तुतः लक्ष असते. ते हवे तेथे वळविता येत नाही. काही मुले, विशेषतः मुली, मुळीच दंगा करीत नाहीत. खिडकीबाहेर पाहत गप्प बसतात, आणि म्हणून कोणाच्या ध्यानातही येत नाहीत.

अर्थात चुळबुळ करणारा प्रत्येक मुलगा असा नव्हे. ही लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागली आहेत काय, घरी व शाळेत दोन्हीकडे आहेत काय, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली आहेत काय, हे तज्ज्ञ डॉक्टर पाहतात. मग गरजेनुसार औषध देतात. कामाचे लहान लहान भाग पाडण्यास, मुलास पुढच्या बाकावर बसविण्यास सुचवितात.

वय वाढले की पुष्कळांची धावपळ ओसरते. मनाची तगमग मात्र अनेकांत राहते. अशी मोठी माणसे किल्ल्या हरवितात, कामे अर्धवट टाकतात. मग कोणी दाराशीच किल्ल्यांसाठी खिळा ठोकतो, कोणी घड्याळाचा गजर लावतो, तर कोणी दिवसाची कामे कागदावर लिहून तो खिशात बाळगतो.