बरगड्या आधी बाफवा, मग भाजा

प्रश्न : आमचं घराणं देवासचं. पणजोबा तिथल्या संस्थानाच्या थोरल्या पातीच्या चाकरीत होते. शिकारीनंतर निखाऱ्यांवर भाजलेल्या रानडुकराच्या बरगड्यांचं वर्णन आजोबा फार रंगून करायचे. मी खाटकाकडून पाळीव डुकराच्या बरगड्या आणतो, दही, कच्ची पपई आणि आलं-लसूण लावून रात्रभर ठेवतो आणि गच्चीवर शेगडी पेटवून भाजतो. वरून करपतात, आतून चिवट राहतात. धारला राहणाऱ्या मावसभावाचीही हीच तक्रार आहे. चुकतं कुठे?
— एक वाचक, देवास

उत्तर : याचं उत्तर तुमच्या माळव्याच्या स्वयंपाकातच आहे. बाफले कसे करतात ते आठवा. कणकेचे गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवायचे, मग गोवऱ्यांच्या आहारावर भाजायचे. कच्चा गोळा थेट आहारात टाकला तर वरून कडक आणि आत कच्चा. बरगड्यांनाही हाच क्रम लागतो. तुम्ही पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर जाता.

जनावर जन्मभर श्वास घेतं आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधलं मांस हलतं. राबणाऱ्या मांसात कोलॅजेन नावाची चिवट जोडऊती भरपूर असते. मांस आतून ६०-६५ अंश सेल्सियसपर्यंत तापलं की ही ऊती आकसते आणि मांसातला रस पिळून बाहेर काढते. शेगडीवर वीस-पंचवीस मिनिटांत तुमच्या बरगड्या नेमक्या या अवस्थेला पोचतात आणि तुम्ही त्या उतरवता, कारण वरची बाजू काळी पडलेली असते. पुढे, ७० अंशांच्या वर, तीच ऊती हळूहळू विरघळून जिलेटिन होते आणि मांस मऊ, रसाळ होतं. त्याला तास-दोन तास लागतात. ९०-९५ अंशांपर्यंत नेऊन तिथे काही वेळ ठेवलं की काम झालं. हा वेळ निखारे देऊ शकत नाहीत, वाफ देते.

पपईवर माझा विश्वास नाही. तिचा रस वरचे दोन-चार मिलिमीटरच मऊ करतो, तेही लगद्यासारखं, आणि हाडालगतच्या चिवटपणापर्यंत पोचतच नाही. दही, शिरका यांचंही तसंच. ते चवीसाठी लावा. खोलवर जातं ते मीठ. किलोभर बरगड्यांना सपाट दोन चहाचे चमचे मीठ चोळून आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवा. मसाला दुसऱ्या दिवशी लावला तरी चालेल.

त्याआधी एक काम आहे आणि ते टाळू नका. बरगड्यांच्या आतल्या बाजूला, हाडांवर, चकचकीत पातळ पापुद्रा असतो. तो शिजत नाही, रबरासारखा दाताखाली येतो. एका टोकाच्या हाडावर चमच्याची दांडी पापुद्र्याखाली सारा. टोक सुटलं की ते बोटांत धरायला जाऊ नका, निसटतं. कोरड्या फडक्यात धरून एका दमात ओढा. कागद फाटावा तसा आवाज करत सबंध निघून येतो. याच वेळी मांस उजेडात नीट बघून घ्या. भिजलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे दिसले तर ते पट्टकृमीचे कोश असू शकतात. ते मांस सरळ परत करा. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट वेगळे ठेवा. बाकी या पद्धतीत मांस इतकं पक्कं शिजतं की अर्धकच्चं राहण्याची भीती उरत नाही.

आता वाफ. ओव्हन असेल तर बरगड्या फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळून १३५ अंशांवर अडीच तास ठेवा. धार-झाबुआकडे मक्याचे पानिये पानांत गुंडाळून भाजतात, ते याच कारणासाठी: आतली ओल आतच राहते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात तळाला दोन वाट्या पाणी घाला, जाळी ठेवून तिच्यावर बरगड्या रचा, झाकणाची कड कणकेने लिंपा आणि अगदी मंद आचेवर दोन तास विसरून जा. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पंचवीस मिनिटांत होतं, पण तिथे वेळ थोडी चुकली तरी मांस हाडावरून गळून पडतं. मला ते आवडत नाही. बरगडी चावल्यावर मांस सुटावं, उचलल्यावर नव्हे. झालं की नाही हे हाडाकडे पाहून कळतं: मांस मागे सरून हाडाचं टोक सेंटिमीटरभर उघडं पडतं आणि सळई घातली तर अडत नाही.

बरगड्या त्याच भांड्यात कोमट होऊ द्या. गरम असताना हलवल्या तर तुटतात. खाली जमलेला रस गाळून घ्या, त्यावरची चरबी काढा आणि त्यातला निम्मा रस चिंचेचा कोळ, गूळ, लाल तिखट, ठेचलेला लसूण घालून चमच्याला चिकटेल इतका आटवा. उरलेला निम्मा जपून ठेवा.

मग गच्चीवर चला. कोळसा बाभळीचा असला तर उत्तम. गोवऱ्या इथे नकोत, चरबी ठिबकली की त्या भडकतात. कोळशावर राख चढल्यावरच बरगड्या ठेवा, दर दोन मिनिटांनी उलटा. आता फक्त रंग आणि धूर हवा आहे, त्याला दहा मिनिटं पुरतात. गुळाचा लेप शेवटच्या चार-पाच मिनिटांत दोनदा लावा. आधी लावलात तर गूळ जळून कडू होईल, आणि तुमच्या करपण्यामागे मसाल्यातला असाच काही गोडवा असण्याचा संभव आहे.

आजोबांच्या आठवणीबद्दल. डुक्कर भाजण्याची आवड आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात, उकळतं पाणी ओतून किंवा माती लिंपून गवताच्या जाळावर डुकराचे केस कसे काढावेत, इथपासून वर्णन आहे. संस्थानी शिकारखान्यांपर्यंत ती परंपरा आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मात्र ती शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. कोणी चोरून आणलेलं रानडुक्कर देऊ केलं तरी घेऊ नका. रानडुकराचं मांस पाळीवापेक्षा कमी चरबीचं आणि जास्त चिवट असतं. आजोबांना ते मऊ लागलं असेल, तर आचारी त्याच्यापाशी बराच वेळ बसला असणार.

तो राखून ठेवलेला रस रात्री फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वाटी हलवून बघा, आतला गोळा थरथरेल. बरगड्यांतला चिवटपणा तो हाच, विरघळून आलेला. गरम करून त्यात तिखट-मिठाची फोडणी द्या आणि उरलेला बाफला कुस्करून त्याच्याबरोबर खा. मावसभावालाही बोलवा.