प्रगत कर्करोगात सत्त्वावजय : रुग्ण आणि उपस्थाता

चरकसंहितेत चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे तीन प्रकार वर्णिले आहेत. अहितकर विषयांपासून मनास आवरणे हा सत्त्वावजयाचा अर्थ होय. प्रगत कर्करोगाच्या रुग्णास या तिसऱ्या प्रकाराची गरज मोठी असते. परंतु आपल्या व्यवहारात तोच मागे पडतो.

नाशिक परिसरात अशा रुग्णाचे नातेवाईक पुष्कळदा रुग्णाआधी आपल्याकडे येतात व ‘त्यांना काही सांगू नका’ अशी विनंती करतात. रुग्णास अनेकदा अंदाज आलेला असतो. दोघेही एकमेकांपासून भय लपवितात. त्यातून अनिद्रा, हृद्द्रव व अरुची वाढतात.

अरिष्टे दिसली तरी वैद्याने न विचारता मृत्यू वर्तवू नये, आणि विचारले तरी रुग्णास अथवा अन्य कोणास आघात होईल तेथे सांगू नये, असा इंद्रियस्थानाचा निर्देश आहे. येथे ‘अन्य’ व्यक्तीचाही विचार केलेला आहे, हे ध्यानी घ्यावे. चतुष्पादांत उपस्थात्याची गणना आहेच. तो खचला तर एक पाद ढासळतो. मात्र न सांगणे व असत्य सांगणे यांत भेद आहे. रोग निश्चित बरा होईल, असे आश्वासन देणे हा सत्त्वावजय नव्हे.

कॅनडातील टोरंटो येथे डॉ. गॅरी रॉडिन व सहकाऱ्यांनी प्रगत कर्करोगासाठी ‘कॅल्म’ नावाची संवादचिकित्सा विकसित केली. तीत सुमारे पाऊण ते एक तासाच्या तीन ते सहा भेटी असतात व जवळच्या नातेवाइकासही सहभागी होता येते. लक्षणे व वैद्यांशी संवाद, स्वतःत व नात्यांत झालेले बदल, जीवनाचा अर्थ, भविष्य व मृत्यू हे तिचे चार विषय. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ३०५ रुग्णांच्या अभ्यासात, केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा या रुग्णांत विषादाची लक्षणे कमी आढळली.

आपण पुढील क्रम ठेवावा, असे आम्ही सुचवितो :

१. ‘आपल्याला आजाराविषयी काय ठाऊक आहे? आणखी किती जाणून घ्यावेसे वाटते?’ असे रुग्णास विचारावे.
२. तो बोलत असता उपदेश करू नये. मौनासही अवकाश द्यावा.
३. उपस्थात्याशी स्वतंत्रपणे बोलून त्याची निद्रा, आहार व विश्रांती यांची चौकशी करावी.
४. संमती असल्यास दोघांना एकत्र बसवून अपुऱ्या इच्छा व व्यवहार बोलते करावेत.

औषधविक्रेत्यांनीही दुकानात येणाऱ्या उपस्थात्यास दोन मिनिटे द्यावीत. ‘हमखास गुण’ असे सांगून कल्प विकू नये.

वेदनाशमन प्रथम करावे, कारण तीव्र शूल असता संवाद निष्फळ ठरतो. मॉर्फिन वा अन्य चालू उपचार बंद करवू नयेत; कोणताही कल्प कर्करोगतज्ज्ञांस कळवूनच द्यावा. आत्मघाताचे विचार अथवा तीव्र भय आढळल्यास मानसरोगतज्ज्ञांकडे त्वरित पाठवावे. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे.

असाध्य व्याधीत औषधाचे सामर्थ्य संपते, तेथेही वैद्याचे कर्तव्य उरतेच. रुग्णाचे व उपस्थात्याचे ऐकून घेणे ही त्या काळातील चिकित्साच होय.