दिवा लागला म्हणून गियर टाकायचाच असं नाही

मने, अल्टोला तो गियरची आठवण देणारा छोटा दिवा बसवायचा का, असं विचारलंस ना? बसव, खुशाल बसव. हा रेस लावणाऱ्या पोरांचा शौक आहे असं तिथे स्टाफरूममध्ये कोणी म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. तुझ्या अल्टो ८००ला आरपीएमचा काटाच नाही. नवीन शिकलेल्या माणसाला इंजिनचा आवाज ओळखायला वेळ लागतो. त्यात काचा बंद, एसी चालू, शेजारी बसलेल्या बाईंच्या गप्पा. काटा असता तरी तो बघायला नजर खाली न्यावी लागतेच, आणि साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. गळिताच्या हंगामात वृद्धेश्वर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या तुझ्याच रस्त्यावर असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे धड दिवाही नसतो. नजर रस्त्यावरच राहावी आणि डोळ्याच्या कोपऱ्यात खूण दिसावी, एवढ्यासाठी हा दिवा चांगला.

पण त्याचं किती ऐकायचं, ते आधी ठरव. हा दिवा फक्त एक गोष्ट ओळखतो: इंजिन मिनिटाला किती फेरे मारतंय. पुढे चढ आहे की उतार, गाडीत तू एकटी आहेस की मागे तिघी बसल्यात, हे त्याला कळत नाही. ते तुलाच बघायचंय.

सपाट रस्त्यावर तो २५००च्या आसपास लागेल असा ठेव. तिसगावच्या पुढे रस्ता मोकळा असेल तेव्हा दिवा लागला की वरचा गियर टाक, पेट्रोल वाचेल. करंजी घाटात चढाला मात्र तो पेटलेला राहिला तर राहू दे. तुझ्या गाडीचं ७९६ सीसीचं इंजिन सगळ्यात जास्त ओढतं ते ३५०० फेऱ्यांना. अडीच हजारांवर दिवा दिसला म्हणून तिसऱ्यातून चौथ्यात टाकशील, तर गाडी लगेच दम टाकेल, घरघरेल, आणि तू पुन्हा तिसऱ्यात येशील. चढावर अशी गियरची ये-जा आणि सोबत अर्धा क्लच, यात क्लचप्लेट लवकर जाते. ट्रॉलीला ओव्हरटेक करतानाही तसंच. दिवा लागला तरी त्याच गियरमध्ये दाबून पुढे निघ, आपल्या बाजूला ये, मग गियर बदल.

आता हे नीट ऐक, कारण माझा जीव इथेच अडकतो. घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसला तरी दिवा लागेल. उताराला चाकंच इंजिनला फिरवत असतात, म्हणून फेरे वाढतात. तेव्हा दिव्याचं ऐकून वरचा गियर टाकलास तर इंजिनने धरून ठेवलेली गाडी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. वळणावळणाला ब्रेक दाबून ते तापले की पकड कमी होते. म्हणून उतार लागायच्या आधीच खालच्या गियरमध्ये ये, आणि दिवा लागला तर लागू दे. फेरे फारच वाढले, इंजिन ओरडायला लागलं, तर ब्रेकने वेग कमी कर, पण वरचा गियर नको. न्यूट्रल करून उतरायचं तर मनातही आणू नकोस. त्यात पेट्रोल वाचतं म्हणतात, ते खोटं आहे. तुझ्या गाडीत फ्युएल इंजेक्शन आहे. गियरमध्ये असताना पाय पूर्ण काढला की उताराला ते पेट्रोल तोडतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतंच.

बसवायचं म्हणशील तर सोपा मार्ग धर. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, गॅरेजवाले स्कॅनर लावतात तेच. त्यात खोचायचा डिस्प्ले मिळतो. ठरवलेल्या आरपीएमला तो दिवा लावतो, आणि एकही वायर कापावी लागत नाही. क्षणभर उशिरा दाखवतो, पण रोजच्या शाळेच्या फेरीला तेवढ्याने काही बिघडत नाही.

वायरमन म्हणेल, कशाला एवढं, कॉइलवरून वायर ओढून देतो. त्याला नको म्हण. ठिणगी पडताना कॉइलच्या आतल्या बाजूच्या वायरीतही काहीशे व्होल्ट उसळतात. उघडा जोड किंवा टेप गुंडाळलेली वायर तिथे चालत नाही. शिवाय ठिणग्या मोजणाऱ्या यंत्रांवर बऱ्याचदा ४, ६, ८ सिलिंडर एवढ्याच खुणा असतात. तुझ्या गाडीला सिलिंडर तीन. चारची खूण ठेवली तर तीनही सिलिंडरच्या ठिणग्या मोजूनसुद्धा ३००० फेरे त्याला २२५० दिसतील, आणि २५००ला लागायचा दिवा ३३००च्या पुढे लागेल. वायरमनला हे विचारून बघ, त्याचा हिशेब पक्का आहे की नाही ते लगेच कळेल.

सुटा एलईडी घ्यायचाच असेल, तर चालू गाडीत बारा नाही, चौदाच्या वर व्होल्ट असतात हे धरून चाल. एका साध्या पिवळ्या एलईडीला ८२० ओहमचा रेझिस्टर लाव, अर्ध्या वॅटचा. म्हणजे त्यातून साधारण १५ मिलीअँपिअर वाहतील, तेवढे पुरे. वीज किल्ली फिरवल्यावरच सुरू होणाऱ्या लाइनवरून घे, एक अँपिअरचा फ्यूज लावून. आणि पिवळं कव्हर किंवा पिवळा कनेक्टर असलेल्या वायरला कोणालाही हात लावू देऊ नकोस. ती एअरबॅगची असते.

आपल्या नगरला वाहननगरात व्हीआरडीई आहे ना, केंद्रीय मोटार वाहन नियम १२६मध्ये तपासणी संस्था म्हणून तिचं नाव आहे. अशा संस्थेत नमुना तपासून घेतल्यावरच कंपनीची गाडी रस्त्यावर येते. ती तपासणी कंपनीने जोडलेल्या वायरींची असते, पानाच्या टपरीशेजारी कापून जोडलेल्या वायरीची नाही. म्हणून कापाकापी जितकी टाळता येईल तितकी टाळ.

जागा कुठे, तर स्पीडोमीटरच्या वरच्या कडेला, बॉनेट बघताना नजरेच्या जरा खाली येईल अशी. एअरबॅगच्या झाकणावर काहीही चिकटवू नकोस. रंग पिवळाच घे. लाल दिवा दिसला की ऑइल किंवा तापमानाचा इशारा समजून दचकायला होतं. रात्री डोळ्यांवर येत असेल तर वर अर्धपारदर्शक टेपचा तुकडा लाव. आकडा बसवायला रविवारी सकाळी बायपासवर जाऊ. मी शेजारी बसून मोबाइलवर आरपीएम वाचते, तू नजर रस्त्यावर ठेव, दिवा कधी लागतो ते मला सांग, मग आपण घुंडी फिरवू.

आणि ओबीडी सॉकेटच्या सोळाव्या पिनला थेट बॅटरीचा करंट असतो, किल्ली काढली तरी. दिवाळीच्या सुटीत गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल, तर तो डिस्प्ले आठवणीने उपटून ठेव.