जुना स्पेक्ट्रम हातात मावेल काय?

प्रश्न : सांगलीच्या वडिलोपार्जित घराच्या माळ्यावर चुलत्यांचा ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ संगणक सापडला. त्याचा बोर्ड काढून हातात धरून खेळता येईल असे यंत्र करता येईल काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडातील सिंक्लेअरच्या परवान्याने विकलेला हा संगणक, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर व ४८ किलोबाइट स्मृती एवढ्याच सामग्रीवर बेसिक भाषेचे धडे देत असे. असा दुर्मीळ जिन्नस कापण्याचा विचार आपण सर्वथा वर्ज्य मानावा.

वीज जोडण्यापूर्वी जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलावेत, आणि ९ व्होल्टच्या अडॅप्टरच्या पिनेचा मध्य ऋण आहे याची खातरजमा करावी, कारण उलट जोडणीने आतील चिप जळण्याचे भय असते. बॅटरीवर चालवायचे झाल्यास, बरीच शक्ती उष्णतेत दवडणाऱ्या ७८०५ रेग्युलेटरच्या जागी स्विचिंग रेग्युलेटर बसवावा. टीव्हीचा मॉड्युलेटर वगळून कंपोझिट व्हिडिओ लहान एलसीडी पडद्यास द्यावा. आणि कळफलकाची जाळी आठ व पाच अशा अवघ्या १३ तारांची असल्याने, खेळास लागणारी मोजकी बटणे तिलाच जोडावीत.

तथापि इतके करूनही मूळ बोर्डाच्या रुंदीमुळे यंत्र पेटीत नेण्याजोगे होईल, मुठीत मावणार नाही. तेच हवे असल्यास रास्पबेरी पायवर इम्युलेटर चालवावा, आणि चुलत्यांचा स्पेक्ट्रम दुरुस्त करून अखंड जतन करावा, हाच माझा स्पष्ट सल्ला आहे.