मनातून न उतरणारी माणसं

प्रश्न : कादंबरी मिटली तरी पात्रं डोक्यातून जाऊ नयेत, अशी एखादी सुचवाल का? जाडजूड नको. – एक वाचक, ठाकूरद्वार

उत्तर : विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (1939) घ्या. बोटीवरचे मोजके दिवस. जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. मुंबईच्या धक्क्याला तो उतरतो, ती पुढे जाते. बेडेकर तिची कीव करत नाहीत, म्हणूनच ती वाचकाची पाठ सोडत नाही. ‘कोसला’चा (1963) पांडुरंग सांगवीकरही असाच चिकटतो. सुरुवातीला त्याचा वैताग येईल (मलाही आला होता), पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं येईपर्यंत पुस्तक खाली ठेवू नका. दोन्हींत एकच निवडायची, तर आधी ‘रणांगण’. प्रस्तावना मात्र शेवटी वाचा.